कारळाच्या पोत्यात गहू

आमच्या पेढीतलं इंग्रजी माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. सासरे गुरुबसप्पा हे लातूरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, जुने अडते. दाणा दाताखाली फोडून तेल किती उतरेल ते सांगायचे, पण सरकारचं जाडजूड पुस्तक समोर आलं की त्यांचा चष्मा हमखास हरवायचा. मग स्वयंपाकघरापर्यंत हाक यायची, "शिवकांता, बघ बाई हे काय म्हणतंय ते." मी पदराला हात पुसत पेढीवर जाऊन बसायचे.

त्या पुस्तकात जगातल्या प्रत्येक विकाऊ वस्तूला एक आकडा दिलेला असतो. माल देशाबाहेर जायचा तर आधी त्याचा आकडा ठरवायचा, मग बाकीचं सगळं. सोयाबीनला स्वतःचं घर, भुईमुगाला, जवसाला, सूर्यफुलालाही स्वतःचं. उरलेल्या सगळ्यांना मिळून 'इतर तेलबिया' नावाची एकच खोली, आणि तिच्यात तीळ, करडई, एरंडी, मोहरी दाटीवाटीनं बसलेल्या. आपली कारळं तर त्या खोलीतही कोपऱ्यात. अंबाडीच्या बियांसाठी मी एकदा अख्खी दुपार पानं उलटली आणि शेवटी त्यांना इतरांतल्या इतरांत ढकलून दिलं. तेच बी पेरायला न्यायचं असेल तर आकडा पुन्हा वेगळा. आकडा चुकला की कर बदलतो, परवाने बदलतात, आणि कागदावर एक न् पोत्यात दुसरंच निघालं तर साव माणूस चोर ठरतो.

आमची कारळं हॉलंडला जायची. हिमायतनगर, किनवटकडून माल यायचा, गोदामात निवडला जायचा आणि मुंबईच्या बंदराकडे निघायचा. तिकडे ती पिंजऱ्यातली पाखरं खातात. हे कळलं तेव्हा सासूबाई कारळाचीच चटणी वाटत होत्या. त्यांनी हात थांबवला आणि म्हणाल्या, मग आपण इतकी वर्षं पाखरांच्या ताटातलं खाऊन राहिलो होय. त्या दिवशी चटणी कुणी फारशी घेतली नाही.

पण मला सांगायचं आहे ते चांदबीबद्दल.

चांदबी आमच्या गोदामात माल निवडणाऱ्या बायांची पुढारी. पुढारी म्हणजे हुद्दा वगैरे नव्हे. ती ज्या ओळीत बसायची ती पहिली ओळ, एवढंच. गोलाईच्या बाजारपेठेमागे तिच्या सासरचं जुनं घर होतं, नवऱ्याचं बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं, दुकान होतं. नवरा लवकर गेला, दुकान दिरांनी वाटून घेतलं आणि ही यासेरला, म्हणजे तिच्या मुलाला, शाळेत सोडून आमच्याकडे कामाला येऊ लागली. पोत्यांची तिला त्या दुकानापासूनची सवय. फाटकं पोतं ती असं शिवायची की शिवण शोधावी लागे. मोंढ्यात कुणी नमुना बघायला आलं आणि चांदबीनं तोंड शिवलेलं पोतं दिसलं, की म्हणायचं, हे उघडायची गरज नाही. तिला हे ऐकायला फार आवडायचं, आणि आवडतं हे ती लपवायचीही नाही. मी तिला चिडवायचे की तुझ्या नावाचा एक आकडा त्या पुस्तकात घालून घेऊ.

आपल्याकडे धान्याचं पोतं कधी कोरडं करत नाहीत. कितीही ओतलं तरी तळाशी मूठभर ठेवायचं. सासूबाई ज्वारीच्या डब्याच्या बाबतीत हेच करायच्या आणि चांदबीच्या घरीही हेच चालायचं. ती त्याला बरकत म्हणायची. घरात हे ठीक. निर्यातीच्या मालाला मात्र सासऱ्यांचा सक्त नियम होता. जुनं पोतं वापरायचं असेल तर उलटं धरून झटकायचं, कोपरे बोटांनी मोकळे करायचे, तळाला दुसऱ्या धान्याचा कण राहता कामा नये. नव्या बायांना हा नियम चांदबीच शिकवायची, आणि चुकलं की चारचौघींत झापायचीही.

मग भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटेच्या आत गावंच्या गावं माती झाली. लातूर शहर हललं, भिंतींना भेगा पडल्या, पण आम्ही उभे राहिलो. चांदबीची धाकटी बहीण किल्लारीच्या बाजूला दिली होती. तिच्या घरातलं कुणीही राहिलं नाही. चांदबी तिकडे गेली आणि काही दिवसांनी परत कामावर आली. बहिणीबद्दल ती बोलली नाही आणि तिला विचारायची आमची कुणाची हिंमत झाली नाही.

तिच्या पाठोपाठ सिंधु आली. चांदबीच्या बहिणीच्याच गावची, शेतकरी घरातली, पंचविशीची बाई. तिची दोन लेकरं गेली होती. ती आणि नवरा ग्यानोबा पत्र्याच्या शेडात राहत होते. शेत होतं, पण शेतात पाय टाकवत नाही म्हणून ग्यानोबानं तिला कुठेतरी कामात गुंतवायचं ठरवलं होतं. चांदबीनं तिला स्वतःशेजारी बसवून घेतलं. डब्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढे ठेवायची आणि ती खाईपर्यंत स्वतः घास मोडायची नाही. सिंधु तिला मोठ्या बहिणीसारखं आपा म्हणायला लागली.

त्या हिवाळ्यात नवा बारदाना मिळेना. कारळाचा दाणा बारीक, विरळ पोत्यातून गळतो, घट्ट विणीचंच पोतं लागतं. भूकंपग्रस्तांना मदतीचा गहू आला होता त्याची रिकामी पोती बाजारात विकायला आली होती, ती चांगली घट्ट होती. सासऱ्यांनी ती घेतली, शिक्क्यांवर काळा रंग फासला आणि चांदबीपुढे ढीग घातला. पोती झटकायचं काम तिचं, तोंड शिवायचं काम सिंधुचं.

चांदबीनं पहिलं पोतं उलटं करायला घेतलं आणि तिच्या बोटांना कोपऱ्यात गहू लागला. मूठभर. दुसऱ्यातही. बऱ्याचशा पोत्यांत. शेडातल्या कुठल्यातरी बाईनं पोतं रिकामं करताना तळाशी ठेवलेली ती मूठ होती. घर गेलं, माणसं गेली, भांडी ढिगाऱ्याखाली गेली, आणि तरी त्या बाईनं पोतं कोरडं केलं नव्हतं. हे चांदबीला झटकवेना. पोतं उलटं धरताना खालचा कोपरा मुठीत आवळला की आतले दाणे आतच राहतात. ती तसं करत गेली. शेजारी बसलेल्या सिंधुला ते दिसलं नाही, कारण सिंधुला तेव्हा डोळ्यांपुढचंही दिसत नव्हतं. वरून कारळं भरली गेली, सिंधुनं तोंडं शिवली, ट्रक निघून गेला.

चांदबी मूर्ख नव्हती. गहू आणि कारळं एकत्र गेली तर काय होतं, हे तिला साधारण माहीत होतं. तिला वाटलं, एवढ्याशा दाण्यांना कोण विचारतंय, तिकडे पाखरंच तर खाणार आहेत.

बंदरात परखी घालून नमुना काढतात. अणकुचीदार नळी पोत्यात खुपसायची आणि आतला माल बाहेर घ्यायचा. कस्टमच्या माणसानं ती तळापर्यंत घातली आणि काळ्या कारळांबरोबर गहू बाहेर आला. त्यानं पोती रिकामी करायला लावली. रंगाखालचा मदतीचा शिक्का उन्हात धरल्यावर दिसत होता. त्या दिवसांत गहू बाहेर पाठवायला परवानगी लागायची. आमच्या एजंटानं मुंबईहून फोन केला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. तो म्हणाला, ते विचारताहेत की भूकंपग्रस्तांचा गहू तुम्ही कारळाच्या नावाखाली परदेशी पाठवताय का.

सासरे मनानं वाईट माणूस नव्हते, हे मी सून असूनही म्हणते. पण त्या दिवशी त्यांना घाम फुटला. लातुरात तेव्हा गावोगावचे लोक चपात्या बांधून पाठवत होते, आणि अशा वेळी गुरुबसप्पानं मदतीचा गहू खाल्ला असं एकदा पसरलं की सात पिढ्या तोंड दाखवायला जागा नव्हती. मी आत एजंटाशी फोनवर होते. तो आकडे विचारत होता, मी आकडे सांगत होते. बाहेर गोदामात सासऱ्यांनी सगळ्या बायांना उभं केलं होतं. त्यांचा आवाज मला भिंतीतून ऐकू येत होता.

"मदतीचा गहू माझ्या कारळात कसा गेला? शेडातून कोण येतं इथं?"

शेडातून एकटी सिंधु यायची. चांदबीनं झटकलेल्या पोत्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सगळ्यांची नजर तिच्याकडे वळली. सासऱ्यांनी तिला विचारलं की तू आणून लपवलास का. पोत्यांची तोंडं तिनं शिवली होती हे खरं होतं. ती म्हणाली, "मला ठावं न्हाई. झालं असंल माझ्याच हातनं." सासऱ्यांना तेवढं पुरलं. त्यांनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. चांदबी तिथेच होती आणि ती काही बोलली नाही.

मी फोन ठेवून बाहेर आले तेव्हा बाया पुन्हा सुपं घेऊन बसल्या होत्या आणि सिंधुची जागा रिकामी होती. त्याच दिवशी मी कस्टमला पत्र लिहिलं की एका नव्या कामगाराच्या निष्काळजीपणामुळे हा प्रकार घडला. सगळा माल तिथे पुन्हा चाळला गेला, गहू वेगळा झाला, कारळं कारळं म्हणून हॉलंडला गेली. कागदावर आम्ही स्वच्छ झालो.

सिंधु शेडात पोचायच्या आधी बातमी शेडात पोचली होती. मोंढ्यातलं बोलणं एसटीपेक्षा वेगानं जातं. तिकडे लोकांनी त्यात आणखी भर घातली. ही आपल्या वाटणीचा गहू चोरून विकते, असं झालं. टँकरच्या रांगेत बाया आपल्या घागरी तिच्या घागरीपासून दूर सरकवायच्या. ग्यानोबा दोघाचौघांच्या अंगावर धावून गेला, मग तोही थकला.

आणि चांदबी? पुढच्या हंगामात सासऱ्यांनी तिला मुकादम व्हायला सांगितलं, तर ती नको म्हणाली. पहिल्या ओळीतून उठून शेवटच्या ओळीत जाऊन बसली. पोतं झटकायला घेतलं की अशी झटकायची की हाताची सालं निघायची. हे पोतं उघडायची गरज नाही असं कुणी म्हटलं की ती उठून बाहेर जायची. मला वाटायचं बहिणीचं दुःख आहे. मी चिडवणं बंद केलं, पण कौतुक करायला लागले, आणि ते तिला जास्त लागत असणार हे मला आता कळतं.

ती एकदा सिंधुला भेटायला निघाली होती. शेडांपाशी एसटीतून उतरली. समोरून सिंधु डोक्यावर घागर घेऊन येत होती, एकटी, बाकीच्या बायांच्या बरीच मागे. चांदबी वडाच्या आड झाली आणि एसटी वळून आली तशी तिच्यात चढून लातूरला परतली. त्यानंतर त्या रस्त्याला तिनं पाऊल टाकलं नाही. यासेरला चांगलं स्थळ औशाकडून आलं होतं, तेही वाट त्याच रस्त्याची म्हणून मोडलं आणि उमरीची नाजिया सून करून आणली. कारण विचारलं तर सांगायची, मला एसटीत मळमळतं.

लातूर बदललं. करडई गेली, कारळं गेली, जिकडेतिकडे सोयाबीन आलं आणि सोयाबीनपेक्षाही जास्त आले क्लास. डॉक्टर-इंजिनियर करणाऱ्या क्लासांचे फलक, त्यांवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, आणि नांदेडपासून उदगीरपर्यंतच्या गावांतून ट्रंक घेऊन उतरणारी पोरं. सासरे गेले. पेढी माझ्या नवऱ्यानं थोडे दिवस ओढली आणि मग आम्ही गोदाम पाडून तिथे मुलींचं वसतिगृह बांधलं. ज्या जमिनीवर बाया कारळं निवडायच्या तिथे आता पोरी मांडी घालून बेडकाच्या आतड्यांची चित्रं काढू लागल्या. स्वयंपाकघर मी चांदबीच्या हाती दिलं. तिच्या हाताखाली नाजिया आणि दोन बाया.

काही पालक नाव विचारायचे. स्वयंपाक कोण करतं म्हणायचे, आणि नाव ऐकलं की एकमेकांकडे बघायचे. मी त्यांना सांगायचे की वसतिगृहं गावात भरपूर आहेत, रिक्षा बाहेर उभी आहे. बहुतेकजण मुलगी ठेवून जायचे आणि दिवाळीला चांदबीसाठी फराळ घेऊन यायचे. पोरी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या. आजारी पोरीच्या उशाशी तीच बसायची. परीक्षेत कमी मार्क पडले की पोरी आईला फोन करायच्या आधी तिच्याकडे येऊन रडायच्या. कुणी म्हणालं, खाला, तुमच्यासारखं माणूस न्हाई, की ती पोळपाटाकडे बघत राहायची.

ऋतुजा अकरावीला आली. वडील तिला आणून सोडून गेले, मी गावाचं नाव लिहून घेतलं, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव होतं. अशी किती गावं, किती ग्यानोबा. माझ्या काही लक्षात आलं नाही. पोरगी हुशार आणि बडबडी. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून जीवशास्त्र मोठ्यानं वाचायची आणि चांदबीला प्रश्न विचारायची, जसं काही परीक्षा चांदबीचीच आहे. चांदबीचा तिच्यावर जीव बसला. भाकरीचा पापुद्रा तिला लागायचा म्हणून तो तिच्या ताटात पडायचा.

एका दुपारी चांदबी गहू निवडत बसली होती आणि ऋतुजा मदतीला बसली. बोलता बोलता म्हणाली, आमची आई धान्याला हात लावत नाही. पोतं भरायचं असलं, रिकामं करायचं असलं की बाबांना हाक मारते. लातुरात कुठल्याशा गोदामात ती कामाला होती, तिच्या हातून काहीतरी भलतं झालं होतं, तेव्हापासून म्हणते की माझा हात चांगला नाही. चांदबीनं आईचं नाव विचारलं. मग परात तशीच ठेवून ती उठली.

ती माझ्याकडे आली आणि तिनं मला सगळं सांगितलं. कोपरा मुठीत कसा धरायची तेही हातानं करून दाखवलं. मी तिच्यावर ओरडले. माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार. एका उद्ध्वस्त बाईच्या डोक्यावर हे ठेवून तू माझ्या घरात इतकी वर्षं भाकऱ्या थापतेस, असं काहीतरी बोलले. ती ऐकून घेत होती. मग मीच तिला वाट काढून द्यायला लागले, कारण तिचा चेहरा बघवत नव्हता. म्हटलं, मुंबईच्या दंगली नुकत्याच झाल्या होत्या, तुझं नाव निघालं असतं तर लोकांनी गल्लीचंच नाव घेतलं असतं, तू घाबरली असशील.

"घाबरले होते, वहिनी. पण ते न्हाई," ती म्हणाली. "मला माझं नाव प्यारं होतं. चांदबीचं पोतं उघडायची गरज न्हाई म्हणायचे ना. तेवढ्यासाठी."

मला तिची लाज वाटली, आणि तिच्यासमोर बसून माझीही वाटली, कारण निष्काळजी कामगार हे शब्द माझ्या अक्षरातले होते.

ठरलं असं की सिंधु लातूरला येईल तेव्हा चांदबी तिला सांगेल. मुलीचा फॉर्म, मुलीची फी, सगळं ग्यानोबा बघायचा. सिंधु कधी यायचीच नाही. चांदबी दर रविवारी दारातल्या पालकांकडे चोरून बघायची आणि ती नाही दिसली की तिला सुटल्यासारखं व्हायचं. हेही तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना कानशिलं लाल झाली होती.

शेवटी क्लासचा पालक मेळावा आला आणि ऋतुजानं आईला हट्टानं बोलावलं. सिंधु आली. केस पांढरे झाले होते, अंगानं वाळली होती. फाटकातून आत आली आणि इमारतीकडे बघत राहिली. जागा तिनं ओळखली होती. मला नमस्कार केला, पण चांदबीला बघून ती हसली आणि आपा म्हणाली. चांदबीनं तिचा हात धरला आणि तिला स्वयंपाकघरामागच्या कोठीत नेलं. मलाही बोलावलं. एकटीनं सांगायची ताकद नव्हती.

तिनं सांगितलं. मधे थांबली नाही, रडली नाही. बरकतीची मूठ, आवळलेला कोपरा, नंतरचं गप्प राहणं. वडाच्या आड लपल्याचंही सांगितलं. सिंधु धान्याच्या पिंपाला टेकून उभी होती. बाहेर ताटं मांडल्याचे आवाज येत होते.

"लेकरं गेली तवा लोक म्हणायचे, हिच्या नशिबातच न्हाई," ती म्हणाली. "मी म्हणायची, नशीब असंल वाईट, हात तर चांगला हाय. मग ते बी गेलं. ऋतुजा झाली तवा तिला पयल्यांदा उचलून घ्यायला मी भ्याले, आपा. तिच्या बापाला म्हणलं, तू घे."

चांदबी खाली बसली. तिनं सिंधुच्या पायाला हात लावला. सिंधुनं पाय मागे घेतला, पण झिडकारून नाही.

"तवा समद्यांम्होरं झालं होतं," सिंधु म्हणाली. "आणि आता मला एकटीला आत आणून सांगायलीस."

मी मधे पडले. म्हटलं, सिंधुताई, त्या वेळच्या बाया आता कुठे सापडणार, कोण गेली, कोण गाव सोडून गेली, सासरेही राहिले नाहीत. सिंधुनं माझ्याकडे बघितलंही नाही. ती चांदबीशी बोलत होती. म्हणाली, माझ्या पोरीला सांग. ती इतकी वरसं आईचा हात वाईट हाय म्हणून ऐकत आलीय. तिला सांग, आणि तिच्या मैत्रिणी जेवायला बसल्यात तिथंच सांग.

चांदबीकडे त्या वयात होतं काय? यासेरचा संसार वेगळा मांडलेला, नाजिया येऊन-जाऊन. खाला म्हणून धावत येणाऱ्या या पोरी हीच तिची दौलत. त्यांच्या डोळ्यांतून उतरायचं म्हणजे सगळंच जायचं होतं. मला वाटलं ती नाही म्हणेल, आणि खरं सांगते, नाही म्हणाली असती तर मी तिची बाजू घेतली असती. पण ती भिंतीला धरून उठली, तोंडावर पाणी मारलं आणि जेवणघरात गेली.

पोरी ओळीत बसल्या होत्या. वरण वाढून झालं होतं. सिंधु ऋतुजाशेजारी जाऊन बसली. चांदबी ओळींच्या मधे उभी राहिली आणि तिनं पोरींना हात थांबवायला सांगितलं. आधी त्यांना वाटलं उद्याची सुट्टी जाहीर होतेय, एकदोघी हसल्या. मग तिनं सुरुवात केली. कोठीत सांगितलं होतं त्याच क्रमानं सांगितलं. कारळं काय, हॉलंड काय, त्या पोरींना अर्ध्या गोष्टी समजत नव्हत्या, म्हणून ती थांबून समजावून सांगत होती. त्यामुळे ते जास्तच लांबलं आणि माझ्याच्यानं ऐकवेना. शेवटी ती म्हणाली, "हिच्या आईनं काहीच केलं न्हाई. चूक माझी होती. मला ठावं होतं, आणि मी बोलले न्हाई."

ताटातलं वरण गार झालं होतं. कुणी जेवायला सुरुवात करेना. नाजिया स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. ऋतुजा आधी आईकडे बघत राहिली, मग चांदबीकडे. एरवी प्रश्नांवर प्रश्न विचारणारी पोरगी. तिनं एकच विचारला, अगदी हळू.

"आईला जा म्हणाले, तेव्हा तुम्ही कुठं होता, खाला?"

चांदबीनं सिंधुकडे बघितलं. उत्तर सिंधुनं दिलं. रागानं नाही, घडलं ते सांगावं तसं.

"बाजूलाच होती की. मी हिचाच पदर धरून उभी होते. मग हिनं तो हळूच सोडवून घेतला."

चांदबीनं मला सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून.